फूटिंगचं काम पावसानं दोनदा थांबलं. एमएस प्रोजेक्टमध्ये दाखवू कसं?

जांबोटी_रोड
१८ जुलै २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबणार, आधीच माफी मागतो. साईट बंद आहे, आज घरात दिवे आहेत आणि दोन दिवस डोक्यात हेच घोळूलंय.

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वाटेवर एका संस्थेच्या वसतिगृहाचं काम आमच्याकडं आहे. तळमजला अधिक एक मजला, २२ फूटिंग, म्हणजे कॉलमखालचे पायाचे ठोकळे. मी साईट इंजिनिअर. आमच्या मालकांनी सगळी कॉन्ट्रॅक्टं लाल वहीवर केली. यंदा संस्थेच्या कन्सल्टंटनं अट घातली की दर पंधरा दिवसांनी बार चार्ट, म्हणजे कामांच्या पट्ट्यांचा तक्ता, द्यायचा, तोही एमएस प्रोजेक्टमधला, फाईलसकट. आमच्यात ते सॉफ्टवेअर येणारा मी एकटा. येणारा म्हणजे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी दोन तास मास्तरांच्या पाठीमागनं पडदा बघितलेला.

खोदाईसकट फूटिंगला १८ दिवस धरले होते. सोमवार १२ मेला सुरुवात, रविवारी सुट्टी, म्हणजे शनिवार ३१ मेला संपायला पाहिजे. मृग लागतो ७-८ जूनला, आठवडाभर हातात राहतो, असा माझा हिशेब. यंदा मान्सून २४ मेलाच केरळात उतरला आणि हिकडं रोहिणी लागली ती बरसतच. २४ मे पर्यंत १२ दिवस काम झालं, १ ते १४ नंबरची फूटिंग भरली. २६ मेपासनं बंद. ९ जूनला उघडीप मिळाली, तीन दिवसांत १५ ते १८ काढली. १२ जूनपासनं परत बंद, ते आजपर्यंत. सोमवारी २१ तारखेला सुरू करावं म्हणतोय.

राहिलेले चार खड्डे, १९ ते २२, खणून, पीसीसी म्हणजे तळाचा साध्या काँक्रीटचा थर टाकून, सळयांच्या जाळ्या आणि कॉलमच्या सळया उभ्या करून तयार होते. नुसतं काँक्रीट ओतायचं होतं. काल जाऊन बघितलं. १९ नंबरात खुणेसाठी मी एक बांबू रोवला होता, फुटाफुटावर लाल पट्टे मारून. चार पट्टे पाण्याखाली. एका बाजूची जांभ्याची माती ढासळून घसरगुंडी झालीय, त्यावर बेडकं बसलेली. वर आलेल्या सळईला हात लावला तर बोटं तांबडी.

आता चार्टचं. मला वाटलं, काम १२ मे ते २३ जुलै चाललंय तर तेवढे दिवस लिहावेत. ड्युरेशनमध्ये १८ खोडून ६३ केलं. पट्टी छान लांब झाली, शेवटची तारीखही बरोबर आली. प्रिंट मालकांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तारखा बघितल्याच नाहीत, सरळ खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवलं. आठ गडी, सरासरी ८०० रुपये हजेरी असं मी भरलं होतं. आधी १,१५,२०० होते, आता ४,०३,२००. मालक म्हणाले, "काय वो, गडी घरात बसलेत आणि मजुरी चढूलिया कशी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. काम मधे थांबलं होतं हे या सॉफ्टवेअरला सांगायचं कसं? आणि पुढं गणपती, दसरा, दिवाळी आहेच, त्याचंही काय करायचं?

उद्यमबाग_दुसरी_पाळी
१८ जुलै, रात्री ११.५५

मालकांची नजर बरोबर जागी गेली. आधी फाईलची कॉपी करून ठेवा, मग पुढचं वाचा.

प्रोजेक्टचं गणित एवढंच आहे की दिवस गुणिले माणसं म्हणजे काम. तुमच्या टास्कचा प्रकार फिक्स्ड युनिट्स असणार, कारण सॉफ्टवेअर तोच आधीपासनं धरतं. तुम्ही दिवस वाढवलात, त्यानं माणसं आठच ठेवली आणि काम वाढवलं. १८ गुणिले ८ म्हणजे १४४ हजेऱ्या होत्या, त्याच्या ५०४ झाल्या. ड्युरेशन म्हणजे हात चालले तेवढेच दिवस. मधले रिकामे दिवस त्यात धरायचेच नाहीत.

तेव्हा ६३ खोडून परत १८ करा. मग ॲक्च्युअल स्टार्ट १२ मे, आणि ॲक्च्युअल ड्युरेशनचा रकाना उघडून त्यात १२ दिवस. टक्केवारी अंदाजानं लिहू नका, ती ६७ अशी आपोआप येते. आता प्रोजेक्ट टॅबवर अपडेट प्रोजेक्ट म्हणून बटण आहे. त्यात 'रिशेड्यूल अनकम्प्लिटेड वर्क टू स्टार्ट आफ्टर' अशी ओळ सापडेल. तिथं ७ जून टाका. उरलेले सहा दिवस सोमवारी ९ जूनला जाऊन बसतील आणि मधल्या काळात पट्टीच्या जागी नुसती टिंबं दिसतील. मग ॲक्च्युअल ड्युरेशन १५ करा आणि तेच परत, तारीख १९ जुलै. टिंबं आली नाहीत तर फाईलमधल्या ऑप्शन्समध्ये शेड्यूलचं पान उघडून 'स्प्लिट इन-प्रोग्रेस टास्क्स'वर टिक आहे का बघा. ती नसेल तर अडकलेलं काम तुटत नाही.

टास्क टॅबवर तुटलेल्या पट्टीचं चिन्ह आहे, स्प्लिट टास्क. त्यानं माऊस धरून पट्टी हातानंही तोडता येते. पण चहाचा कप दुसऱ्या हातात असला की १९ची २२ तारीख होते, अनुभव आहे. त्यापेक्षा स्टॉप आणि रिझ्यूम हे दोन रकाने टेबलात आणून ठेवा. काम कुठं थांबलं, कुठं परत धरणार, हे आकड्यात दिसतं. रिझ्यूमची तारीख तिथंच बदलली तरी चालतं.

आमच्याकडं मशीन शॉपमध्ये पाऊस नसतो, पण स्पिंडल जातो. मी प्रत्येक व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं मशीन, हा एक रिसोर्स केलाय. मशीन दुरुस्तीला गेलं की त्या रिसोर्सच्या कॅलेंडरात तेवढे दिवस बंद टाकतो. त्या मशीनवरची सगळी कामं आपोआप सरकतात, बाकीची जागेवर. तुमच्या जेसीबीला हे चालेल.

एक्सेलवाला_निपाणी
१९ जुलै, सकाळी ७.१०

एवढं सगळं करण्यापेक्षा एक्सेलमध्ये घरं रंगवायची. पाऊस निळा, काम हिरवं. वीस वर्षं रंगवूलोय, एकाही मालकानं मजुरी विचारली नाही.

जांबोटी_रोड
१९ जुलै, दुपारी ३.२०

निपाणीकर, तुमचंच ऐकावंसं वाटायला लागलंय.

उद्यमबागवाल्यांनी सांगितलं तसं केलं. टिंबं आली, मजुरी १,१५,२०० वर परत उतरली. मालकांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, "मग आधी काय हुतं?" तिथपर्यंत झकास.

मग लक्ष गेलं खालच्या ओळींकडं. प्लिंथ बीम, भराव, कॉलम, स्लॅबचं सेंट्रिंग, आठ-नऊ ओळींसमोर कॅलेंडरचं बारकं चिन्ह आलंय, निळ्या टिंबाचं. काल नव्हतं. माऊस नेला तर दिसतं की हे काम २१ जुलैच्या आधी सुरू होऊ नये अशी अट लागलीय. मी अशी अट कुठंही घातलेली नाही. मी त्या कामांना हातच लावला नाही.

पुण्यातली_शहापूरकर
१९ जुलै, संध्याकाळी ६.०५

दादा, हात लावलायत. अपडेट प्रोजेक्टच्या त्याच चौकटीत खाली 'एन्टायर प्रोजेक्ट' आणि 'सिलेक्टेड टास्क्स' असे दोन पर्याय आहेत. तुम्ही फूटिंगची ओळ न निवडता ओके केलं असणार. मग त्यानं सगळ्या प्रकल्पाला ते लावलं. चालू काम तोडून पुढं नेलं हे बरोबर. पण जी कामं सुरूच झाली नाहीत आणि कागदावर त्या तारखेच्या आधी सुरू व्हायला हवी होती, त्यांना पुढं ढकलताना त्यानं 'स्टार्ट नो अर्लियर दॅन'ची खुंटी मारून ठेवली.

आज त्रास दिसणार नाही, कारण ती कामं तशीही फूटिंगच्या मागंच आहेत. त्रास होतो नंतर. लिंक बदललीत, किंवा एखादं काम अलीकडं ओढायला गेलात, तर ते खुंटीला अडतं आणि का अडलं ते कुणाला आठवत नाही. मी अशा खुंट्या मारलेली, तीन माणसांच्या हातातनं गेलेली फाईल बघितलीय. आठवडा गेला सोडवताना. तुम्ही त्या आठ-नऊ ओळी एकदम निवडा, टास्क इन्फर्मेशन उघडा, ॲडव्हान्स्डच्या पानावर कन्स्ट्रेंट टाईप 'ॲज सून ॲज पॉसिबल' करा. किंवा कालची कॉपी असेल तर तिच्यावरनं परत करा, या वेळी फूटिंगची एकच ओळ निवडून.

मी पुण्यात प्रायमाव्हेरा पी६ वर काम करते, एमएस प्रोजेक्ट फक्त लहान कामांना. पी६ मध्ये हे आणखी सरळ आहे. सुरू झालेल्या ॲक्टिव्हिटीच्या स्टेटसच्या पानावर सस्पेंड आणि रिझ्यूम अशा दोन तारखा टाकल्या की मधला काळ कामाच्या दिवसांत मोजला जात नाही. पण जोडी एकच. तुमच्यासारखं दोनदा थांबलं की दुसरी तारीख पहिलीला पुसते. तेव्हा आम्हीही शेवटी ॲक्टिव्हिटी दोन-तीन तुकड्यांत तोडतो.

गणपतीचं विचारलंत, तर तिथं स्प्लिट वापरू नका. स्प्लिटमधली रिकामी जागा कामाला चिकटलेली असते, तारखेला नाही. समजा पुढच्या स्लॅबच्या पट्टीला तुम्ही आत्ता गणपतीची भेग पाडलीत आणि नंतर कॉलमला चार दिवस उशीर झाला, तर स्लॅबही चार दिवस सरकतो आणि ती भेगही. मग तुमचा गणपती २७ ऑगस्टऐवजी ३१ ला बसतो. बाप्पाला चालेल, कन्सल्टंटला नाही. सण सगळ्यांचा आणि तारीख ठरलेली, म्हणून तो कॅलेंडरात. प्रोजेक्ट टॅब, चेंज वर्किंग टाईम, एक्सेप्शन्स, नाव, पासून, पर्यंत. पट्टीवर टिंबं येणार नाहीत, पट्टी सुट्टीवरनं तशीच जाते, पण दिवस मोजले जात नाहीत.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
१९ जुलै, रात्री १०.१५

ओळ निवडायची हे सांगायचं राहिलं, चूक माझी.

कॅलेंडरावरनं एक आठवलं. काँक्रीटला पाणी मारायचं काम, क्युअरिंग, तुम्ही साधे दिवस लिहून टाकलंय का? मग ते रविवारी आणि गणपतीतही थांबेल. सिमेंट काय आरतीला जात नाही. दिवसांच्या आकड्यापुढं ई आणि डी ही दोन अक्षरं लावा, म्हणजे इलॅप्स्ड डेज. मग कुठलंही कॅलेंडर त्याला अडवत नाही.

जांबोटी_रोड
१९ जुलै, रात्री १०.४०

साधेच दिवस लिहिलेत. म्हणजे तेही चुकलं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ : २००० प्रमाणे ओपीसीला, म्हणजे साध्या सिमेंटला, किमान ७ दिवस पाणी, आम्ही पीपीसी हे मिश्र सिमेंट वापरतो म्हणून १०. स्लॅबखालच्या आधाराच्या टेकवांचंही तसंच की, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस. ते दोन्ही ईडीत टाकतो.

खुंट्या काढल्या. धन्यवाद ताई. तुम्ही शहापूरच्या कुठल्या?

पुण्यातली_शहापूरकर
१९ जुलै, रात्री ११.००

माग होते आमच्या घरात. आता नाहीत. एवढ्यावरनं ओळखलंत तर ओळखलंत.

जुना_ओव्हरसियर
२० जुलै, सकाळी ६.२५

सर्व वाचले. मी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, चिकोडीस असतो. हे सॉफ्टवेअर मी चालवलेले नाही, पण असे चार्ट टेबलावर येऊन पडत, त्यावर सही करण्याचे किंवा न करण्याचे काम तीस वर्षे केले. त्या बाजूने दोन गोष्टी विचारतो.

आपल्या पट्टीत दोन ठिकाणी टिंबे आहेत. चांगले. पण टिंबे का, हे टिंबे सांगत नाहीत. मुदतवाढ मागाल तेव्हा समोरचा एवढेच विचारणार. आपण पहिल्या प्रश्नात लिहिले की १२ जूनपासून आजपर्यंत बंद. सलग पाच आठवडे तिथे रोज पाऊस होता काय? त्या भागात जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आणखी एक काम चालते, ते मी सांगायला नको.

दुसरे. २१ तारखेला काम सुरू होईल आणि उरलेले तीन दिवसांचे काम तीन दिवसांत संपेल, असे आपल्या चार्टमध्ये आहे. चार फूट पाणी, ढासळलेली कड, गंजलेली जाळी हे आपणच लिहिले आहे. ते पाणी कोण आणि कधी काढणार? थांबलेले काम जिथे सोडले तिथून उचलता येते, असे यंत्र धरून चालते. आपण तसे धरू नये.

जांबोटी_रोड
२० जुलै, दुपारी १.५०

साहेब, पकडलंत.

५ जुलैपर्यंत पाऊसच होता, शपथ. त्यानंतर मधे मधे चांगली उघडीप होती. पण ७ तारखेपासनं टोळीच जाग्यावर नाही. सगळे रोप लावणीला. खानापूरकडं या दिवसांत भाताच्या चिखलातनं माणूस बाहेर काढणं म्हणजे बैल विहिरीतनं काढण्यासारखं आहे. आणि आता लिहितोच आहे तर सगळं लिहितो. आठांतले तीन गडी आमच्या मालकांच्याच शेतात होते.

मालकांचं म्हणणं, सगळ्याला पाऊस लिही. ४५ दिवस पाऊस. तिथंच माझा हात अडूलाय.

जुना_ओव्हरसियर
२० जुलै, दुपारी २.४०

लिहू नका. नीतीचे राहू द्या बाजूला, हे पकडले जाते. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे पर्जन्यमापक आता ग्रामपंचायतीपर्यंत आहेत. कन्सल्टंटने त्या दिवसांचे आकडे मागवले की ७ ते १९ जुलैमधले कोरडे दिवस त्याच्या हातात येतील. मग तो खरे असलेले दिवसही कापतो. हे मी स्वतः केलेले आहे.

आपल्याकडे हिंडरन्स रजिस्टर ठेवले आहे का? अडथळा कोणता, केव्हा लागला, केव्हा सुटला, कोणते काम अडले, दोन्ही बाजूंच्या सह्या. नसेल तर साईटची डायरी तरी असेल. त्यातून दिवस वेगळे काढा. आणि माझ्या मते ती टिंबे काढून टाका. प्रत्येक अडथळा ही चार्टमध्ये स्वतंत्र ओळ करा, कामासारखी, कामाला जोडलेली. त्या ओळीला नाव असते. टिंबाला नसते.

पुण्यातली_शहापूरकर
२० जुलै, संध्याकाळी ७.३०

काकांच्या म्हणण्याला माझा दुजोरा, थोडी कुरकुर करून.

एका दिवसाच्या, दोन दिवसांच्या खोळंब्यासाठी वेगळी ओळ करत बसलात तर चार्टचा पंचनामा होतो. तिथं स्प्लिट आणि नोट्समध्ये एक वाक्य पुरे. पण तुमच्यासारखं, जिथं एकाच भेगेत दोन कारणं आहेत आणि एकाचे दिवस मागता येतात, दुसऱ्याचे येत नाहीत, तिथं ओळी वेगळ्याच पाहिजेत.

करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. फूटिंगची मूळ ओळ पुसू नका. मूळ नियोजनाच्या, बेसलाईनच्या तारखा तिच्यावर आहेत, नव्या ओळींना त्या नसतात. मूळ ओळ ठेवा, तिच्या खाली तुकडे घाला आणि आत सरकवा, म्हणजे ती समरी, तुकड्यांची एकत्र ओळ, होते आणि जुनी बेसलाईन तिच्याजवळ राहते. पण त्याआधी तिच्यावरचे आठ गडी काढून घ्या आणि खालच्या तुकड्यांना लावा. विसरलात तर समरीवरची मजुरी आणि तुकड्यांची मजुरी दोन्ही धरली जाते, आणि मालक परत बोट ठेवतात. मागच्या पुढच्या लिंकाही समरीवरनं काढून तुकड्यांना जोडा.

बंद असलेल्या दिवसांच्या ओळीला एकही रिसोर्स लावू नका. आणि झालेल्या गोष्टींना ॲक्च्युअल स्टार्ट, ॲक्च्युअल फिनिश दोन्ही भरा. नाहीतर उद्या कुठलीतरी लिंक हलली की मे महिन्यातला पाऊस ऑगस्टमध्ये जाऊन पडेल.

एक्सेलवाला_निपाणी
२० जुलै, रात्री ९.००

माझ्या एक्सेलमध्ये पाऊस हलत नाही, एवढं सांगून जातो. पण रोप लावणीला वेगळा रंग द्यायचं मला कधी सुचलं नाही. तेवढं घेतो.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
२० जुलै, रात्री ९.३५

पुढच्या वर्षासाठी एक सुचवतो. 'पावसाळी' नावाचं वेगळं कॅलेंडर करून ठेवा, जूनच्या सुरुवातीपासनं जुलैच्या मध्यापर्यंत बंद दाखवलेलं. ते सगळ्या प्रकल्पाला लावायचं नाही. खोदाई, भराव, बाहेरचं प्लास्टर असल्याच कामांना टास्क इन्फर्मेशनच्या ॲडव्हान्स्ड पानावरनं लावायचं. आतल्या फरशीला, वायरिंगला नेहमीचं कॅलेंडर. मग आठवडाभर हातात आहे असं म्हणायची वेळच येत नाही. खोदाई आधी उरकते नाहीतर सरळ जुलैत जाते, आणि ते फेब्रुवारीतच दिसतं.

जांबोटी_रोड
२ ऑगस्ट, रात्री ९.१०

उशीर झाला, साईटवर होतो.

२१ तारखेला सकाळी पंप लावला. फूटव्हॉल्व्हला गोणपाट गुंडाळूनही लाल गाळ ओढूलाच होता, तासातासाला काढून धुवायचा. दुपारी १९ नंबरचा तळ दिसला तर पीसीसीवर वीतभर चिखल. तो घमेल्यांनी काढला, ढासळलेली कड तासली, जाळ्या वायर ब्रशनं घासल्या, २१ नंबरातली जाळी दबली होती ती उचलून खाली परत कव्हर ब्लॉक बसवले. चार खड्ड्यांना चार दिवस गेले, २१ ते २४. मग २५, २६ आणि २८ जुलैला काँक्रीट. म्हणजे ओव्हरसियर साहेब म्हणाले तसंच, तीन दिवसांच्या कामाला सात लागले.

चार्ट आता असा आहे. फूटिंग १ ते १४, मग पाऊस-बंद १२ दिवस, १५ ते १८ नंबर तीन दिवस, पाऊस-बंद २१ दिवस, 'टोळी रोप लावणीला' १२ दिवस, उपसा आणि सफाई ४ दिवस, शेवटी १९ ते २२ तीन दिवस. सगळ्याची बेरीज २८ जुलैला बरोबर येते. मजुरी १,१५,२०० आणि उपशाच्या चार दिवसांची २५,६०० वेगळी दिसते.

मालकांना दाखवलं. रोप लावणीच्या ओळीवर येऊन थांबले. मी काही बोललो नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्ये एवढं मोठ्या अक्षरांत कशाला लिवलायसा?" अक्षर सगळ्या ओळींना एकाच मापाचं आहे. तरी मी त्या ओळीचं नाव बदलून 'मजूर अनुपलब्ध' केलं, आणि त्यांनी जाऊ दिलं. मुदतवाढ पावसाच्या ३३ दिवसांची मागितलीय. वरचे उपशाचे चार दिवस मागावेत का यावर आमचं एकमत झालं नाही, शेवटी मागितले. पाण्यानंच आणलेलं काम आहे ते.

कॅलेंडरही केलं. २७ ऑगस्टपासनं सहा दिवस गणपती, कारण टोळी गौरी विसर्जनाआधी परत येत नाही हे ठाऊक आहे. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबर आणि दुसऱ्या दिवशी रविवारच, मिरवणुकीची झोप फुकटात. दसरा, दिवाळी टाकली. अडलो १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सव आणि काळा दिन एकाच तारखेला. एक्सेप्शनला नाव लिहायचा रकाना आहे. आमच्या टोळीतले निम्मे त्या दिवशी एका कारणानं येत नाहीत, निम्मे बरोबर उलट कारणानं, आणि फाईल जाणार कन्सल्टंटकडं. 'सुट्टी' एवढंच लिहून पुढं गेलो.

काल कन्सल्टंटचं मेलवर उत्तर आलं. पावसाच्या दिवसांबद्दल चकार शब्द नाही. एकच विचारलंय, खड्डे चारच असताना उपसा आणि सफाईला चार दिवस का लागले. बांबूचा फोटो पाठवलाय, चार पट्टे पाण्याखाली असलेला. अजून काही आलेलं नाही.